वर्धेचे दोन काठ आणि त्यांचे इतिहासकार

वणी तालुक्याच्या पूर्वेकडून वर्धा वाहते, दक्षिणेकडून पैनगंगा, आणि दोघी जुगादला एकमेकींना मिळतात. संगमाच्या अलीकडे वऱ्हाड. वर्धेच्या पलीकडे चांदा. पैनगंगेच्या पलीकडे राजुऱ्याचा मुलूख, जो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. शंभर-दीडशे वर्षे या एका टापूत तीन कारभार, तीन मोजण्या आणि तीन तऱ्हेचे जमीनकायदे नांदले. सोयरीक मात्र नद्या ओलांडून होत राहिली. कापूस हिंगणघाट-वरोऱ्याच्या बाजारात जात राहिला, गोंडांची दैवते आणि त्यांच्या भाटांची, म्हणजे प्रधानांची, गाणी तिन्हीकडे एकच राहिली. अशा मुलखाचा इतिहास कोणी, केव्हा आणि कुठे बसून लिहिला, हा या लेखाचा विषय आहे.

सरहद्दीच्या मुलखाला इतिहासाच्या मध्यभागी आणून बसवणारा माणूस अमेरिकन होता, त्यामुळे सुरुवात त्याच्यापासून करावी लागते. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६१ रोजी विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज या छोट्या गावी झाला. वडील गावातल्या वर्तमानपत्राचे संपादक. १२ जुलै १८९३ रोजी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या इतिहासकारांच्या सभेत या एकतीस वर्षांच्या प्राध्यापकाने एक निबंध वाचला. दोनच महिन्यांनी त्याच शहरात विवेकानंद बोलले. त्या भाषणाचे पडसाद आपल्याकडे लगेच उमटले, टर्नरांच्या निबंधाकडे मात्र त्या दिवशी खुद्द सभागृहातही फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढची चाळीस वर्षे अमेरिकेचा इतिहास त्या निबंधाच्या आधाराने शिकवला गेला.

निबंधाचा धागा १८९० च्या जनगणनेत होता. चौरस मैलाला दोन माणसांहून कमी वस्ती असलेल्या भागाच्या कडेने अमेरिकेचे जनगणना खाते एक रेषा काढत असे. त्या वर्षी अशी सलग रेषा काढताच येत नाही, असे खात्याने जाहीर केले. टर्नरांनी त्यावरून म्हटले की अमेरिकेच्या इतिहासाचा एक कालखंड संपला. अमेरिकन माणसाचा स्वभाव, त्याची लोकशाही, त्याचा स्वतःवरचा भरवसा हे सारे युरोपातून आलेले नाही. पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या वस्तीच्या त्या कडेवर, मोकळ्या जमिनीच्या ओढीने, ते घडले. त्यांच्या गुरुजनांची पिढी अमेरिकन संस्थांचे मूळ जर्मन अरण्यांत शोधत होती. टर्नरांनी तो शोध पोर्टेजसारख्या गावांत आणून ठेवला. राजधानीकडून सीमेकडे पाहायची सवय लागलेल्या शास्त्रात ही मोठी उलथापालथ होती, आणि तिचे मोल आजही कमी झालेले नाही.

पण ज्या १८९० साली ती रेषा संपली असे खाते म्हणाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात वुंडेड नी येथे लकोटा स्त्री-पुरुषांची कत्तल झाली होती. टर्नरांच्या निबंधात तिला जागा नाही. मोकळी जमीन मोकळी कशी झाली, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मला याची चुटपुट अधिक लागते ती एका कारणाने. त्यांचा स्वतःचा पीएच.डी.चा प्रबंध विस्कॉन्सिनमधल्या आदिवासींशी चालणाऱ्या कातडी-व्यापारावर होता. पोर्टेजच्या परिसरातल्या हो-चंक लोकांना सरकारने उचलून पश्चिमेला पाठवले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. म्हणजे दुसरा काठ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता, कागदपत्रांतही वाचलेला होता, आणि सिद्धांत मांडताना तेवढाच गळाला. १९८७ साली पॅट्रिशिया लिमरिक यांनी आणि १९९१ साली रिचर्ड व्हाइट यांनी तो परत आणला. लिमरिक यांनी पश्चिमेचा इतिहास हा जिंकण्याचा आणि जिंकले जाण्याचा इतिहास म्हणून मांडला. व्हाइट यांनी पंचमहासरोवरांभोवतीचा असा काळ दाखवला, जिथे कोणाचीच पुरती सत्ता नव्हती आणि म्हणून दोन्ही बाजूंना एकमेकांच्या रीती शिकाव्या लागल्या. वणीच्या मुलखाचा विचार करताना मला व्हाइट यांचे पुस्तक टर्नरांपेक्षा जास्त उपयोगी वाटते.

मराठीत हा दुसरा काठ टर्नरांच्या आधीच कोणी पाहिला होता. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली गुलामी उठवणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत त्यांनी युरोपीय वसाहतवाल्यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर केलेल्या जुलमाशी इथल्या इतिहासाची सांगड घातली. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत राहिल्या आणि १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. अमेरिकेचे त्यांना मनापासून कौतुक होते, तरी तिथल्या मूळ लोकांना दिलेल्या वागणुकीवर त्यांनी कठोर बोट ठेवले. शिकागोच्या सभेच्या वीस वर्षे आणि चार वर्षे आधीची ही दोन पुस्तके. म्हणजे जमीन मोकळी होते ती कोणाला तरी हाकलून, ही समज मराठी वाचकाला होती. आपल्याच सरहद्दीचा इतिहास लिहायची वेळ आली तेव्हा ही समज आपण वापरली नाही, असे माझे म्हणणे आहे. टर्नरांनी पोर्टेजविषयी जे केले तेच आपण वणीविषयी केले.

वणीच्या मुलखाचा जुना लेखी पुरावा ‘आइन-ए-अकबरी’त आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड सुभ्यात कळंब सरकार होते, आणि त्या बाजूला चांद्याच्या बाबजी या गोंड राजाचा अंमल असल्याची नोंद अबुल फजलने केली. हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असा त्याच्या फौजेचा आकडा तो देतो. मोगल दप्तराच्या दृष्टीने हा सुभ्याचा शेवट होता. चांद्याच्या दृष्टीने तीच राज्याची पश्चिम शीव. तेव्हापासून वणीकडे पाहणाऱ्याची पाठ कुठल्या तरी राजधानीला टेकलेली असते, तोंड मात्र वणीकडे असते.

अठराव्या शतकात इथली सर्वांत नाट्यमय घटना घडली. भामला ठाणे करून बसलेले सेनासाहेब सुभा कान्होजी भोसले आणि त्यांचे पुतणे रघूजी यांच्यातला तंटा १७३० च्या सुमारास विकोपाला गेला. सातारच्या दरबाराने रघूजींच्या बाजूने कौल दिला. कान्होजी निसटले, आणि वणीजवळच्या मंदर गावाशी रघूजींनी त्यांना गाठून कैद केले. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य उभे राहण्यातला हा निर्णायक प्रसंग. मंदर आजही वणी तालुक्यातले गाव आहे. १७५१ साली रघूजींनी चांद्याचे गोंड राज्य घेतले आणि वर्धेचे दोन्ही काठ एका धन्याच्या हाती आले. ही एकी अर्धशतकच टिकली. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. १८२२ च्या तहाने ही सीमा पक्की झाली. वर्धा नदी राज्याची हद्द झाली ती तेव्हा, कलकत्ता आणि हैदराबाद यांच्या कागदांवर. त्याआधी ती नुसती नदी होती.

या काळावरचे पहिले ग्रंथ सत्तेच्या गरजेपोटी आले. नागपूरचे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांचा अहवाल १८२७ चा. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ त्याच सुमारच्या चौकशीतून निघाली. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. तिघांच्याही लेखी वणी-मंदर म्हणजे फौजा ज्या वाटेने गेल्या ती वाट. पेशवा दुसरा बाजीराव १८१८ च्या एप्रिलात चांद्याकडे निघाला, वर्धेपाशी अडला आणि १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळच्या शिवणीला कर्नल ॲडम्सकडून हरला, ही हकीकत सगळीकडे आहे. त्या फौजांनी ज्यांची धान्याची पेवे फोडली त्यांची हकीकत कुठेच नाही.

वर्धेपलीकडे लिखाणाला वेगळे वळण लागले. चांद्याचे सेटलमेंट अधिकारी मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९ च्या अहवालात गोंड राजांच्या परंपरा, वंशावळी, किल्ल्यांच्या आख्यायिका गोळा केल्या. खांडक्या बल्लाळशहा आणि राणी हिराई यांच्या ज्या कथा आज पर्यटकांना सांगितल्या जातात, त्यांच्या छापील रूपाचा मोठा हिस्सा तिथून आला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका प्रधानाकडून लिंगोचे गोंडी महाकाव्य ऐकून उतरवून घेतले. १८६३ साली ते नाल्याच्या पुरात बुडून गेले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. वऱ्हाडच्या काठाला असा श्रोता मिळाला नाही. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले १८७० चे वऱ्हाड गॅझेटियर हुशार माणसाचे काम आहे, पण त्याचे चित्त अमरावती-अकोल्याकडच्या कपाशीच्या पट्ट्यात आहे. वणीच्या नावाचा ‘वून’ जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता, आणि त्याचेही मुख्य ठाणे यवतमाळच होते. १९०५ साली जिल्ह्याचे नावही यवतमाळ झाले. १९०८ च्या ब्राउन आणि रसेल यांच्या गॅझेटियरमध्ये वणी एक तालुका म्हणून येते.

मग येतात यादव माधव काळे. बुलढाण्याचे वकील. या आढाव्यातला सर्वांत मोठा मराठी माणूस तेच, आणि विदर्भाबाहेर त्यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही याचे मला वाईट वाटते. १९२४ साली त्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ आला, १९३४ साली ‘नागपूर प्रांताचा इतिहास’. गुप्त्यांची बखरही त्यांनीच संपादून छापली. वकिली सांभाळून, विद्यापीठाचा आधार नसताना, फारसी तवारिखांची भाषांतरे, इंग्रजी अहवाल, सनदा, घराण्यांचे कागद असे सगळे साहित्य एका माणसाने चाळले आणि मराठी वाचकाच्या हाती दोन जाड ग्रंथ ठेवले. मंदरचा प्रसंग असो की देवगावचा तह, विदर्भावर लिहिणारा माणूस आधी काळ्यांचे पान उघडतो.

पण हे ग्रंथ दोन आहेत, आणि त्यांच्या मधून वर्धा वाहते. काळे लिहीत होते तेव्हा वऱ्हाड आणि मध्य प्रांत वीस-तीस वर्षे एकाच कारभाराखाली होते. तरीही १८०३ ची हद्द त्यांच्या मांडणीत जशीच्या तशी उतरली. वणीच्या वाचकाला आपला इतिहास अर्धा एका पुस्तकात आणि अर्धा दुसऱ्या पुस्तकात वाचावा लागतो: चांद्याचे गोंड नागपूरच्या ग्रंथात, निजामाचा अंमल वऱ्हाडच्या ग्रंथात. दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही ग्रंथ राजवटींच्या क्रमाने चालतात. गोंड राजे येतात आणि राज्य गेले की गोंड पानावरून उठून जातात, जणू राजाबरोबर प्रजाही संपली. टेकड्यांत राहणारे कोलाम आदिवासी तर राजे नव्हतेच. हा दोष काळ्यांचा एकट्याचा नाही, त्या पिढीच्या साऱ्या इतिहासलेखनाचा आहे. राजवाडे, खरे यांसारख्या संशोधकांच्या परंपरेत कागद हे प्रमाण होते, आणि ज्यांनी कागद केले नाहीत ते इतिहासाच्या दारात थांबले.

आणि तरीही कागदांतच एक असा ढीग होता, ज्याच्याकडे इतिहासकाराचे लक्ष जायला हवे होते. तो इजाऱ्यांचा.

यवतमाळ जिल्ह्याच्या गावांची यादी पाहिली तर नावापुढे कंसात ‘इजारा’ असे लिहिलेली गावे जागोजाग सापडतात. सातबाऱ्यावरही ते उतरलेले असते. हे नावाचे शेपूट १८६५ च्या पडीक जमिनीच्या नियमांतून आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडातल्या प्रत्येक एकरावर कपाशी हवी असे सरकारला वाटू लागले. पश्चिमेचा सुपीक पट्टा भरत आला होता. वून जिल्ह्यात मात्र जंगल, टेकड्या आणि ओस गावे भरपूर होती. ही ओस गावे लांब मुदतीच्या कराराने, हलक्या साऱ्यावर, इजारदाराला द्यायची. त्याने माणसे आणून वसवायची, जंगल तोडायचे, जमीन वहितीखाली आणायची. तिकडे लिंकन यांच्या सरकारचा १६० एकरांचा होमस्टेड कायदा १८६२ चा. इकडचे नियम तीन वर्षांनंतरचे. फरक एवढा मोठा की तिकडे जमीन कसणाऱ्या कुटुंबाच्या नावे होत होती, निदान कायद्यात तरी. इथे अख्खे गाव एका भांडवलवाल्याच्या नावे झाले. खालशातल्या, म्हणजे थेट सरकारी गावांतल्या, रयतेला मोजणी आणि रयतवारीमुळे जे संरक्षण होते ते इजाऱ्यातल्या कुळाला नव्हते. त्या कुळांसाठी वेगळा कायदा व्हायला १९२१ साल उजाडले, आणि इजारदारी गेली ती १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने. टर्नरांनी मोकळ्या जमिनीतून लोकशाही उगवताना पाहिली. वणी-केळापूरच्या पडीक जमिनीतून इजारदार उगवला. सरहद्द एक तऱ्हेचाच समाज घडवते असे मानणाऱ्याने हे उदाहरण समोर ठेवावे. जमीन कोणत्या अटीवर दिली जाते त्यावर सारे ठरते.

‘पडीक’ ही नोंद तरी कितपत खरी होती? गावे ओस पडली होती हे खोटे नाही. १८०३-०४ चा दुष्काळ, पेंढाऱ्यांच्या धाडी, निजामाच्या अमदानीतले मक्तेदार, सगळ्यांनी मिळून माणसे पळवून लावली होती. एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत वऱ्हाडचा वसूलच पेस्तनजी आणि कंपनी या पेढीकडे मक्त्याने होता, यावरून काय चालले होते ते कळावे. पण कुणबी गाव सोडून गेला म्हणून रान रिकामे होत नाही. टेकड्यांच्या उतारावर कोलामांचे पोड, म्हणजे पाडे, होते, जागा बदलत केलेली शेती होती, मोहाची झाडे वाटून घेतलेली होती, गोंडांची देवस्थाने होती. मोजणीदाराच्या साखळीला यांपैकी काही लागले नाही, कारण त्यातून सारा निघत नव्हता. १८८६ च्या वऱ्हाड जंगल कायद्याने उरलेल्या रानाचे अ, ब, क असे वर्ग पाडले. वर्धेपलीकडे मालगुजारी होती, तिच्यात जुलूम कमी नव्हता, तरी गावाच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे रिवाजांच्या दप्तरात, लाकूड, चराई, पाण्याच्या निस्तार हक्कांची नोंद तरी झाली. वऱ्हाडच्या काठाला तीही नाही. एकाच टोळीच्या दोन भावांपैकी एक नदीच्या अलीकडे आणि एक पलीकडे राहत असेल, तर सरपण आणण्याचा त्यांचा हक्क वेगळा ठरला. या फरकाचा अभ्यास एका तालुक्यापुरता तरी व्हायला हवा होता.

लक्ष्मण सत्या यांच्या १९९७ च्या वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ या विषयावरच्या पुस्तकाने या दिशेने मोठे पाऊल टाकले. कापसाची भरभराट आणि १८९६-९७, १८९९-१९०० चे दुष्काळ हे एकाच साखळीचे दुवे आहेत, हे त्यांनी दाखवले. सुमित गुहा यांनी १९९९ मध्ये पश्चिम आणि मध्य भारतातल्या रानातल्या आणि रानाबाहेरच्या लोकांच्या संबंधांवर लिहिले आणि ‘अनादि काळापासून एकटे राहिलेले आदिवासी’ ही समजूत मोडीत काढली. रानातली माणसे कायम बाजाराशी, राज्याशी, शेजारच्या गावाशी देवाणघेवाण आणि झगडा करत होती. दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. वणीच्या महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्या मुलाच्या हाती ती सहसा पडत नाहीत.

पैनगंगेच्या दक्षिणेची गोष्ट अधिक नीट लिहिली गेली, कारण तिथे बंड झाले. १९४० साली जोडेघाटला त्या बंडाचा गोंड पुढारी कोमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांची स्थिती पाहायला ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाची मदत घेतली. मारलवाईत राहून त्यांनी केलेल्या अभ्यासाचा ग्रंथ १९४८ मध्ये आला. त्यातला एक भाग मराठी माणसाने आवर्जून वाचावा. गोंडांच्या हातून जमिनी कशा गेल्या, याच्या कारणांत रेल्वे आहे, राखीव जंगल आहे, सावकार आहे, आणि उत्तरेकडून, पश्चिमेकडून आलेला शेतकरीही आहे. पट्टा म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते, गोंडाला नव्हते. ओरेगॉनकडे निघालेल्या गोऱ्या कुटुंबाच्या गाडीत जे धैर्य आणि जे अज्ञान होते, तेच पैनगंगा ओलांडणाऱ्या आपल्या बैलगाडीतही होते. कष्टाळू, कर्जबाजारी, जमिनीला आसुसलेल्या त्या माणसाला खलनायक ठरवायचे कारण नाही. पण त्याची गोष्ट सांगताना त्याने कोणाच्या जागेवर नांगर घातला तेही सांगायला हवे.

हायमेनडॉर्फ यांच्याबरोबर त्या कामात एक मराठी अधिकारी होते, सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१० चा, निलंग्याचा. हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना ते आदिलाबादच्या गोंडांत राहिले, गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले, गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. गोंडी मुलांसाठी तेव्हा जी वाचनपुस्तके निघाली ती देवनागरीत होती, कारण त्या भागातल्या गोंडांना परकी वाटणार नाही अशी लिपी तीच होती. शिवकाळ, मोगल दप्तरे, उर्दू शायरी या विषयांचे पगडी महाराष्ट्राला माहीत आहेत, राज्याच्या गॅझेटियर विभागाचे संपादक म्हणूनही माहीत आहेत. गोंडीत बोलणारे पगडी फार थोड्यांना माहीत आहेत. फारसी दप्तर वाचू शकणारा आणि गोंडाशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा दुसरा मराठी इतिहासकार मला दिसत नाही. या मुलखाचा सलग इतिहास लिहायला लागणारी दोन्ही साधने त्यांच्याजवळ होती. तो ग्रंथ त्यांच्या हातून झाला नाही, ही मराठी इतिहासाची खरी हानी आहे. कोलामी भाषेचे शास्त्रशुद्ध वर्णनही एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने वर्ध्याकडच्या कोलामांपासून माहिती घेऊन केले आणि ते १९५५ साली कॅलिफोर्नियात छापले गेले.

या मुलखाचे पहिले इतिहासकार मात्र यांपैकी कोणीच नव्हेत. ते प्रधान. प्रधान हे गोंडांचे वंशपरंपरेने आलेले भाट. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी गोंडांची कुळे, आणि प्रत्येक कुळाचा वृत्तांत त्याच्या प्रधानाकडे. हातात किंगरी, म्हणजे तीन तारांचे गजाने वाजवायचे वाद्य. देवकार्याला प्रधान येतो, कुळाचे पूर्वज कुठून निघाले, कुठली नदी कुठे उतरले, कुठे देव बसवला हे गातो, आणि त्याबदल्यात त्याला धान्य, कपडा, कधी बैल मिळतो. यजमानाच्या समोर गायचे असते, तिथे चुकले की टोकणारे वडीलधारे बसलेले असतात. ही त्या इतिहासाची परीक्षा. हिस्लॉप यांना लिंगोची कथा प्रधानाने दिली, हायमेनडॉर्फ यांच्या ग्रंथाचा मोठा भाग प्रधानांच्या तोंडचा आहे. तारीख विचारली तर प्रधान सांगणार नाही. वाट विचारली तर अचूक सांगेल, आणि सरहद्दीच्या मुलखात वाट हा तारखेइतकाच महत्त्वाचा पुरावा असतो. यवतमाळ जिल्ह्यात प्रधान समाज मोठा आहे, शिकलेला आहे, नोकरीधंद्यात आहे. किंगरी वाजवणारे हात कमी होत आहेत.

टर्नरांकडे एकदा परत जावे लागते, कारण उत्तरायुष्यात ते सरहद्द सोडून प्रदेशांकडे वळले. विस्कॉन्सिनमधून ते १९१० मध्ये हार्वर्डला गेले, १९२४ मध्ये निवृत्त झाले, १४ मार्च १९३२ रोजी कॅलिफोर्नियात वारले. अमेरिकेतल्या प्रादेशिक विभागांवरच्या त्यांच्या निबंधसंग्रहाला मरणोत्तर पुलित्झर मिळाले. सरहद्द पुढे सरकून गेली तरी मागे उरलेल्या प्रदेशाला स्वतःचे हितसंबंध, स्वतःची तक्रार, स्वतःचे राजकारण असते, हा त्या लेखांचा गाभा. वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांचे राजकारण या चौकटीत चांगले उलगडते. १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह त्यांनी केला, तो गवताच्या आणि रानाच्या हक्कावर, म्हणजे १८८६ च्या कायद्याने जे हिरावले त्याच्यावर. मिठागर नसलेल्या प्रदेशाने आपला प्रश्न स्वतः शोधला. पुढे फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भ राज्याची शिफारस केली, ती मानली गेली नाही, आणि १९६२ साली ऐंशी ओलांडलेले अणे नागपुरातून विदर्भाच्या मागणीवर लोकसभेत निवडून गेले. अण्यांवर गौरवग्रंथ आहेत, आठवणी आहेत, त्यांच्या संस्कृत पांडित्यावर लेख आहेत. सरहद्दीच्या मुलखातून प्रादेशिक जाणीव कशी तयार होते याचे उदाहरण म्हणून त्यांचे चरित्र अजून लिहिले जायचे आहे.

आणि वणीतली जमिनीची घालमेल अजून थांबलेली नाही. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा भूगर्भ अहवाल ह्यूजेस यांनी १८७७ साली दिला. खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झाले, वेस्टर्न कोलफिल्ड्स १९७५ मध्ये आली. उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी, घोन्सा ही नावे आता खाणींची म्हणून आधी आठवतात, गावांची म्हणून मागून. खुल्या खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर वर्धेच्या काठाने उभे राहिले आहेत. जमीन गेली, मोबदला आला, एकाला नोकरी लागली, दुसऱ्याला नाही. ज्याच्या नावे सातबारा होता त्याला काहीतरी मिळाले. ज्याची वहिवाट होती पण नोंद नव्हती त्याला काय मिळाले, हा १८६५ चाच प्रश्न आहे. गाव उठले की धुरे मोडतात, शेतांची नावे जातात, देवाची जागा हलते. ही नावे ठाऊक असलेली माणसे आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

हे काम करायला कोणी मोठा इतिहासकार जन्माला यायची वाट पाहावी असे मला वाटत नाही. वऱ्हाडचे महसुली कागद नागपूर-अमरावतीत आहेत, निजामाचे हैदराबादला, भूगर्भ खात्याचे अहवाल छापील आहेत. वणीत राम शेवाळकरांसारख्या प्राचार्यांनी वाढवलेले महाविद्यालय आहे, आणि झरी-जामणी, मारेगावकडून तिथे येणाऱ्या मुलांत घरी गोंडी आणि कोलामी बोलणारी मुले आहेत. एक इजाऱ्याचे गाव घ्यावे. त्याचा करार, त्याची मोजणी, त्याच्या कुळांची नावे, त्याच्या टेकडीवरच्या पोडाची आठवण आणि त्या कुळाच्या प्रधानाचे गाणे, हे सगळे एका वहीत शेजारी शेजारी उतरवावे. असे एकही गाव अजून माझ्या वाचनात आलेले नाही.